गुडघ्याखालचं माप

मी सुतार. दारं करतो, कपाटं,
बाजारातल्या टपऱ्यांचे कठडे.
या टेकडीवरची निम्मी घरं प्लायवूडची,
म्हणजे माझ्या खिळ्यांवर निम्मी वस्ती उभी आहे
असं म्हटलं तर फार खोटं नाही.

मे महिना. धुकं खालपर्यंत येऊन बसलेलं,
लिमा शहर आहे की नाही कळू नये इतकं.
एर्मेलिंदाबाई आली. म्हणाली,
फोर्तुनातो, पाय हवेत.
किती?
बावीस जोड.
मी रंधा खाली ठेवला.

हिच्या सामुदायिक स्वयंपाकघरामागे
शाळा सुटली की पोरं जमतात.
पातेल्यांच्या शेजारी कागदाचे मुखवटे वाळतात,
सूपला अधूनमधून खळीचा वास येतो,
कुणी तक्रार करत नाही.
आता बाईच्या डोक्यात उंच लाकडी पायांची मिरवणूक.
पैसे? मी विचारलं.
जेवण, म्हणाली. मंगळवारी, गुरुवारी.
आणि याचा उपयोग काय?
माप घ्यायला शनिवारी ये, म्हणाली.

पट्टा गुडघ्याखाली बसतो. माप तिथलं.
बावीस पोरांच्या नडग्या मी हातात धरल्या.
एकीला कुत्रं चावल्याची खूण,
एकाची पायरीच्या कडेनं सोललेली
(तीनशे चाळीस पायऱ्या आहेत, कठडा एकीलाही नाही).
एल्मेरला गुदगुल्या झाल्या, त्यानं लाथ मारली.
यादिरानं मोजा काढला नाही.
मी विचारलं नाही. मोज्यावरूनच फीत फिरवली,
एक बोट सैल धरलं.

निलगिरी घेतली. चिवट असते,
आमच्या डोंगरातल्या गावाकडं तिची तुळई करतात.
गाठी टाळता येईनात,
तेव्हा प्रत्येक गाठ कुठं येते ते बघून जोड लावले.

बाईनं आधी पडायला शिकवलं.
आठवडाभर नुसतं पडणं,
गुडघ्याला गादीचा फोम बांधून, पुढं, हात पसरून.
पोरं त्यात तरबेज निघाली.

एका दुपारी तालीम रंगात आणि खाली टँकरचा भोंगा.
पट्टे सोडायला वेळ कुठला?
एल्मेर तसाच निघाला, ढांगा टाकत,
मागे रोसमेरी, मागे आणखी तिघं.
वरच्या घरांना पाण्याची नळी कधी पुरत नाही,
छपरं आडवी येतात.
पोरांनी ती डोक्यावर धरून छपरांवरून नेली
आणि पहिल्यांदा वरची पिंपं काठोकाठ भरली.
बायका टाळ्या वाजवायला लागल्या.
मी बाईकडं बघितलं. झाला की उपयोग!
ती गंभीर.
म्हणाली, हे बाहेर सांगू नकोस,
नाहीतर उद्यापासून पोरं नळ्याच धरतील.

मिरवणुकीच्या दिवशी धुकं इतकं,
की दोन पायऱ्यांपलीकडं काही नाही.
ढोल ऐकू आला, मग माझं लाकूड आलं.
नुसतं लाकूड, चव्वेचाळीस पाय,
वर पोरं धुक्यात विरघळलेली.
लोक वर बघत हाका मारत होते,
रोसमेरी! एल्मेर! कुठला तू?
मी खाली बघत होतो.
ही डावीकडं गाठ, हा कुत्र्यावाला,
आणि ही सैल चालणारी,
पट्ट्यात चिंधी कोंबलेली.
म्हटलं, यादिरा, वर काय दिसतंय गं?
बराच वेळ काही नाही.
मग वरून आलं:
धुकंच.
पण इथलं वेगळंय.

सोमवारी एकीचं दार राहिलं होतं, ते बसवलं.
बाई वाटेत भेटली. मी म्हटलं,
पुढच्या मे महिन्यात नडग्या वाढलेल्या असतील,
पट्टे सगळे नवे लागतील.
लागतील, म्हणाली.
मग बटाटे दोन जास्त, म्हटलं मी,
आणि ते सूप
खळीपासून जरा लांब ठेव.