चारशे सतरा, चारशे एकोणीस

दस्तगीरनं भिंतीवर दोन चौकोन मारले,
वहीच्या पानाएवढे, शेजारी शेजारी,
आणि ब्रश बादलीत बुडवत म्हणाला,
वैनी, आता बोला. कुठला?

एक चारशे सतरा. एक चारशे एकोणीस.
लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं कार्ड उलगडलं,
मधला अठरा कुठं गेला ते काही सांगितलं नाही.

सकाळी सतरा म्हणजे गुडघ्याएवढा ऊस.
एकोणीस म्हणजे तोच ऊस, महिन्यानं.
दुपारी शेजारच्या पत्र्यावरचं ऊन उसळून आत येतं,
तेव्हा सतरा मेथीच्या जुडीसारखा मलूल होतो
आणि एकोणीस तसाच, हट्टी.
संध्याकाळी मी मुद्दाम दिवा लावत नाही.
दोघं एक होतात,
मग दोघंही नुसती भिंत.

जाऊबाई म्हणाल्या, दवाखाना वाटंल.
शेजारच्या शकूनं विचारलं, दुसरा कुठला गं?
मला हसू आलं. मग जरा रडूही.
पंधरा दिवस मी कशाकडं बघत होते?

रणधीरची महिनाभर रात्रपाळी,
शिरोलीला, फौंड्रीत, भट्टीच्या तोंडाशी.
उजाडता येतो आणि याच खोलीत झोपतो.
म्हटलं, तूच सांग. झोपायचंय तुला.
तो बूट न काढता खाटेवर बसला, डोळे मिटले.
थांब, म्हणाला. अजून हाय आत.
रात्रभर लाल लोखंड बघितलं की
डोळं मिटल्यावर हिरवं दिसतंय मला.
रोजच. तुला कधी बोललो नाही.

कुठला, मी विचारलं, सतरा का एकोणीस?
त्यानं मिटल्या डोळ्यांनी भिंतीकडं बोट केलं.
बोट दोन्ही चौकोनांच्या बरंच खाली,
जुन्या चुन्यावर.
हलतंय गं. कडंला जांभळं हाय. चाललं बघ.
बोट थोडा वेळ तसंच राहिलं.
मग घोरायला लागला, बुटांसकट.

मी दस्तगीरला फोन करून एकोणीस सांगितला.
कारण काही नाही. आकडा मोठा.

पहिल्या हाताखालून दोन्ही चौकोन वर आले.
दुसऱ्या हातानं गेले.
तरी सकाळी तिरकं ऊन पडलं की
मला त्यांच्या कडा सापडतात,
बोट फिरवून बघितलं तर जरा उंच लागतात.

रणधीर आता भिंतीकडं तोंड करून झोपतो,
खिडकीवर चादर, पंखा पाचवर.
पापण्यांखाली काहीतरी हलत असतं.
रंगाबद्दल अजून बोललेला नाही.
पुढच्या महिन्यात दिवसपाळी आहे.
तेव्हा विचारते.