हात हलला होता

देवपुजारी साहेब सहा महिने इंग्लंडला राहून आले
आणि येताना एक गाव घेऊन आले,
घडी घातलेलं, चामडी बॅगेत.
तिथं म्हणे आधी कागद होता, मग झाडं, मग माणसं.
म्हणे पोरगं घरून शाळेत जातं
नि वाटेत त्याला एकही मोटार आडवी येत नाही.
सिग्नल नाहीत, नुसते गोल,
गाड्या एकमेकींना वाट देत फिरतात.
‘आपल्या इथं देतीन काजी?’ बारापात्रेनं विचारलं.
साहेब हसले नाहीत.

मी ट्रेसर. सदरच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल.
मे महिना, तरी पंखा बंद, कागद उडतो म्हणून,
आणि मनगटाला रुमाल, घाम शाईत उतरू नये म्हणून.
वर्धा रोडच्या अल्याड
चिचटोल्याच्या शिवारावर मी ते गाव उतरवत गेले:
सेक्टर एक, सेक्टर दोन, सायकलींचा बोगदा,
झाडांसाठी हिरवे ठिपके, रांगेत, एकसारखे.

जुन्या नकाशात एक विहीर होती.
शेंगदाण्याएवढं वर्तुळ.
‘खरवडून टाका,’ साहेब म्हणाले.
अर्धं ब्लेड हातात घेतलं
आणि आठवली भिवराबाई कुकडे.
जीपमधून उतरलो तेव्हा तिनं बादलीनं पाणी ओतलं होतं ओंजळीत,
विचारलं होतं,
‘बाई, आमची इहीर हाये ना कागदावर?’
मी हाव म्हटलं होतं.
तेव्हा ते खरं होतं.

ब्लेड ठेवलं.
कंपासचं टोक विहिरीत रोवलं
आणि फिरवला तिसरा गोल.

बोगदे बजेटमध्ये गेले.
झाडं आली पंधरा वर्षांनी, तीही लोकांनी लावलेली,
कुठं कडुनिंब, कुठं शेवगा, रांग सोडून.
एकसारखी घरं कुणी पोपटी केली, कुणी जांभळी,
कुणी गच्चीवर पंचशील ध्वज लावला,
कुणी सायकलच्या वाटेवर तर्री-पोह्याचा ठेला.
साहेब एकदाच आले पाहायला.
गाडीतून उतरले नाहीत.

मी इथंच प्लॉट घेतला. एकशे चौदा.
सकाळी गॅलरीतून ऐकते:
तिसऱ्या गोलाला बस घासते,
ड्रायव्हर उद्धार करतो आखणाऱ्याच्या सात पिढ्यांचा.
चहा गोड लागतो.
भिवराबाई होती तोवर थंडीत येऊन बसायची
गोलातल्या सिमेंटच्या झाकणावर,
कान लावल्यासारखी, पाय पसरून.

परवा एक पोरगा आला, उड्डाणपुलाच्या कामावरचा.
लॅपटॉप उघडून म्हणाला,
‘मॅडम, बाकीचे गोल नेमक्या मध्यावर आहेत,
हाच बारा फूट सरकलाय. का?’

त्याच्या पडद्यावर विहीर नव्हती.

‘चूक झाली,’ मी म्हटलं.
‘उन्हाळा होता, बेटा. हात हलला.’
त्यानं ते टाइप केलं.
मग पाणी मागितलं.