घाणेरीची काळी फळं

तीस वर्षं मी बाटल्यांवर कवटी चिकटवली.
रबाळ्याच्या कंपनीत, तिसऱ्या शेडमध्ये.
कवटी, खाली दोन हाडं, भोवती लाल चौकट,
आणि घरी येऊन साबणाने तीनदा हात.
विष म्हणजे काय ते मला
कुणी शिकवायला नको होतं.

आता घणसोलीत, सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी
पाचव्या मजल्यावरची शर्वी
मूठ उघडून उभी:
"हे खातात का, हिराजीआजोबा?"

मुठीत घाणेरी.
एकाच घोसात चार हिरवी, दोन काळी,
आणि एक असंच, मधलं,
ज्याच्या रंगाला मला नाव सुचेना.

गवळीदेवाच्या वाटेवर हीच झुडपं.
ढोरं हिला तोंड लावायची नाहीत,
पण एका वैशाखात चारा सरला
आणि आमच्या बांड्या गाईने पाला ओरबाडला.
डोळे पिवळे झाले तिचे.
उन्हात नाकपुडीची कातडी सोलून निघाली,
आम्ही तिला पंधरा दिवस अंधारात बांधली,
सोळाव्या दिवशी दावं रिकामं.

आणि त्याच झुडपाची काळी फळं
आम्ही पोरं खिसे भरभरून खायचो.
आई म्हणायची,
"कालां झालां का खा, हिरव्याला हात नको लावू."
एवढंच. आमच्या घरी
कवटी नव्हती, आईचा आवाज होता.

शर्वीला मी म्हणालो, "नाही. विषारी आहे."
एका शब्दाचं लेबल.
तिने फळं टाकली, फ्रॉकला हात पुसला,
सायकल घेऊन निघून गेली.
खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं.
पण तिला आईचं वाक्य दिलं असतं
तर त्या मधल्याचं काय सांगणार होतो?

तिन्हीसांजेला भिंतीपाशी कुणी नव्हतं.
मी एक तोडलं. काळंभोर.
साठ वर्षांनी जिभेवर
तीच पातळ गोडी, मागून तो उग्र वास,
दाढेत टणक बी.
हसू आलं मला, एकट्यालाच.
मग आणखी एक.

सकाळी लिफ्टमध्ये शर्वी,
पाठीला दप्तर, ओठ घट्ट मिटलेले.
दार बंद झालं तशी तिने जीभ बाहेर काढली.
जांभळी.
"तुम्ही खाल्लंत. मी बाल्कनीतून बघितलं."

"किती?" मी विचारलं.
"तीन."
"कधी?"
"आत्ता. बसची वाट बघताना."
तीस वर्षं अपघाताच्या वहीत
हेच दोन प्रश्न मी लिहून घेतले होते,
तेव्हा पेन असं थरथरलं नव्हतं.

"काळी होती ना गं?"
तिने वर पाहिलं, आकडे बदलत होते,
जरा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे.

"जवळजवळ," ती म्हणाली.

पाचवा मजला आला.
मी तिचा हात धरला
आणि तिच्या आईची बेल दाबली,
दाबूनच ठेवली.