तोल

खुएने नवा काटा घेतला नाही,
बापाचाच पुसून घेतला.
दोंग हाच्या रानात सापडलेलं लोखंड
तो यावर तोलायचा;
किलोला किती तांदूळ, हे त्याला अजून तोंडपाठ.

आता पारड्यात काळी मिरी.
चिकटपट्टी, परवाने, बँकेचा हप्ता,
आणि फोनवर सेऊलचं गिऱ्हाईक:
पाकिटावर लढाईचं काहीतरी टाका ना, खपतं.
बघते, म्हणते खुए.

संध्याकाळी बाप गोदाम पाहायला येतो.
गुळगुळीत फरशी, परवाच बसवलेली.
तरी पाऊल टेकण्याआधी
काठीने चाचपतो,
मग दुसरं पाऊल,
मग पुन्हा काठी.

कंटेनरची तारीख विचारणारा फोन
वाजत राहतो.

रात्री ती पाकिटावर लिहिते:
मिरी.
जपून. तिखट आहे.