उचिगी

त्सुरुओका ते युनोहामा, एकतीस वर्षं बस चालवली मी.
पुढचं जग काचेतून, मागचं आरशात.
तरी पहिल्याच ठशाला फसलो.

सशाचं वर्ष येणार होतं तेव्हा.
शिना लाकडाची फळी, शाळेसमोरच्या दुकानातल्या चार पटाशा,
आणि नववर्षाच्या पत्रावरचा ससा आपणच छापायचा, ही खुमखुमी.
कान जमले. मिशाही.
कोणी मांजर समजू नये म्हणून
खाली तीन अक्षरं कोरली: उ, सा, गी. ससा.
कोरली मात्र सरळ.
आमच्या लिपीतला 'सा' उलटला की 'ची' दिसतो.
चाळीस पत्रं पेटीत पडल्यावर मासुएनं विचारलं,
"हा उचिगी कोण?"

कोणी काही म्हणालं नाही. इथे म्हणत नाहीत.
फक्त डेपोतल्या कामोगारीचं उत्तर आलं,
कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा:
"तुझा उचिगी पोचला. खातो काय?
रात्री बाहेर बांधला तर चालेल?"

मग डिसेंबर म्हणजे जेवणाचं टेबल माझं.
जुनं वर्तमानपत्र, शाई, भाताची खळ,
बांबूच्या सालीत बांधलेली चकती,
तिच्या पोटाला कॅमेलियाच्या तेलाचा हात.
कागद खाचेत टेकवायचा,
श्वास धरायचा,
आणि गोल गोल घासायचं, जसं तापलेल्या पोराच्या पाठीवरून.
फळीच्या कोपऱ्यात एक गाठ होती.
तिच्याशी भांडलो, हरलो,
तिचा चंद्र केला.

कामोगारी सेंदाईला गेला. पत्रं येत राहिली.
ड्रॅगनच्या वर्षी: "उचिगी फडताळाखाली. निघत नाही."
कुत्र्याच्या वर्षी: "दोघांचं जमलं. मलाच कोणी विचारत नाही."
बारा वर्षांनी पुन्हा ससा आला.
मी अक्षरं नीट उलटी कोरली, ती नीट छापली.
त्यानं लिहिलं, "हा कोण परका?"

यंदा तिसरा ससा.
हात थोडा थरथरतो, त्यामुळे केस आपोआप येतात अंगावर.
एक्केचाळीस प्रती दोरीवर वाळत होत्या
तेव्हा राखाडी कडेचं पत्र आलं.
*पती सप्टेंबरात गेले.
यंदा शुभेच्छांची देवघेव करणार नाही. क्षमा असावी.*
खाली ईत्सुयो. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

चाळीस टाकली.
एक दोरीवरच राहिलं.
मासुए त्याच्याखालून वाकून जायची, काढायची नाही.

शोकाच्या घरी ससा पाठवत नाहीत.
जानेवारीचा पहिला आठवडा सरला
की थंडीत जपा, एवढंच लिहितात.
म्हणून नवी फळी घेतली.
बर्फ कोरायचा होता,
आणि बर्फ कोरता येत नाही.
लाकूड काढत जायचं.
जे काढलं ते पांढरं,
जे सोडलं ते काळं.
दोन संध्याकाळी मी नुसतं काढत बसलो,
ढलप्या मांडीवर, मोज्यांत, चहात.
शेवटी फळीवर फार थोडं उरलं:
कुंपणाची तार, बसथांब्याचा खांब,
आणि सशाच्या पावलांची एक ओळ,
दोन लांब, दोन आखूड,
पत्राच्या कडेबाहेर निघून गेलेली.

कोपऱ्यात तीन अक्षरं कोरली.
सरळ.
पटाशी 'सा'पाशी आली तेव्हा हात अजिबात हलला नाही.

एकच प्रत काढली. शाई जरा कमी पडली, तशीच ठेवली.
ईत्सुयोबाई चष्मा लावतील,
म्हणतील, म्हातारा झाला बिचारा, अक्षर उलटं पडलंय.
म्हणू देत.
की त्यांच्याही घरात
चोवीस वर्षं कोणी फडताळाखाली वाकून
कशाला तरी हाक मारत होतं,
ते मला माहीत नाही.

नखांतली शाई अजून गेली नाही.
भाताचा चमचा काळा झाल्याबद्दल
मासुए बोलते आहे.