इतर

बुद्धपौर्णिमा. दाजीपूरच्या रानात जांभळीवरचं मचाण,
खाली परातीएवढं उरलेलं पाणी.
कोल्हापुरातून निघताना हातात तक्ता दिला :
वर्ग सस्तन. मग गण, मग कुळ,
नर, मादी, पिल्लू, वेळ.
पेन्सिलीनंच भरायचं, शाई दवानं फुटते,
कचेरीतल्या सुतार मॅडमनी दोनदा बजावलं.

साडेसातला गवे आले. अकरा.
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, शाळा सुटल्यासारखे
एकमेकांना रेटत पाण्यात.
मी लिहिलं : समखुरी, कुळ गाईचं.
धाकू झोरे विडी न पेटवता नुसती चघळत म्हणाला,
"म्हंजे आमच्याच भावकीतलं की."

नऊ दहाला भेकर.
त्यानंतर पिसोरी, सशाहून जरा मोठं,
दिसायला हरीण, पण हरणाच्या कुळात नाही.
मग ऊदमांजर, जे मांजर नाही.
मी त्याला हे सगळं सांगत होते,
नाव एक आणि नातं भलतंच,
म्हणून दात मोजायचे, खूर बघायचे.

"आमी खूर न्हाई बघत.
पानी पिताना मागं वळून बघनारं एक,
आन् न बघनारं एक. जाती दोनच.
गवा बघत न्हाई.
आता बघाय लागलाय, ते निराळं."

चंद्र डोक्यावरून कलला. बराच वेळ कुणी आलं नाही.
मग त्यानं विचारलं, खवल्या मांजराला रकाना कुठला?
मी बॅटरीवर तळहात धरून शोधलं.
इतर.
"इतर," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला.

विशीत होता तेव्हा. धनगरवाड्याच्या मागं, वारुळापाशी.
हात लावला तर गोळा झाली,
जशी काय कौलं उतरून कुणी
चेंडू करून ठेवलीत.
एस्टीनं एक माणूस यायचा,
दोन पोती नाचणीच्या भावात बोललं.
पोत्यात घालून फोंड्याच्या वाटेला लागला
तर पाठ ओली.
वाटलं रगत.
वास घेतला.
दूध.

"कौलाच्या आत दूध, बाई. मला काय ठावं!
पिल्लू बिळातच ऱ्हायलं आसंल.
माघारी फिराय पायजे व्हतं.
एस्टी सुटंल म्हनून फिरलो न्हाई."

मला वर्गाची व्याख्या पाठ होती. अंगावर केस, पिल्लाला दूध.
परीक्षेत दोन गुणांना यायची.

"दर साली ही मोजनी करतोय मी.
दर साली आलेलीच लिवत्यात समदी.
तुमी त्या इतरात वजा दोन लिवा."

तक्त्यात वजाबाकीला जागा नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.
पर्स चाचपली. तळाशी बँकेत सह्या करायचं
शाईचं पेन होतं, ते काढलं.
वेळेच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तो तसाच ठेवला.

पहाटे खाली काहीतरी येऊन पाणी पिऊन गेलं,
दोघांपैकी कुणीही बघितलं नाही.
कागद दवानं मऊ पडला होता.
शाई फुटून रेघ सोडून चालली होती,
कुळाच्या रकान्यातून गणाकडं.

धाकूला वाचता येत नाही.
त्यानं कागद हातात घेतला,
त्या डागाकडं बघत राहिला.
"व्हय," म्हणाला, "आसंच पसरलं व्हतं."