फॉलो-अप

परळ, दुसरा मजला, खोली चौदा.
डॉक्टरीणबाई पट्टी लावून मोजतात माझा आ :
एकतीस मिलिमीटर. लिहून घेतात.
डाव्या पोटरीतलं हाड कापून
जबडा केलाय माझा,
त्यात चार स्क्रू, स्क्रूवर दात.
एक सैल झाला, काढला. तीन धरलेत.
"गिळणं? एक ते पाच सांगा."
तीन.
"बोलणं?"

बोलणं म्हणजे,
प आणि फ अजून ओठातून सांडतात.
पायाचं कातडं गालाला आतून लावलंत ना,
तिथे लव उगवते. जीभ चाचपत बसते.

आणि जाऊबाईशी अकरा वर्षं
बोलणं-चालणं बंद होतं माझं,
नायगावच्या खोलीवरून.
ऑपरेशननंतर आंबील गाळून तीच आणायची,
नाकातल्या नळीतून घालायची, मुकाट.
मलाही बोलता येत नव्हतंच. बरं होतं ते.

परवा तिनं भाजलेले चणे पुढे केले.
मी एक फोडला.
आवाज दोघींनी ऐकला.
"सालपटं काढ आधी," ती म्हणाली.

चालायचं हाड बोलायला लागलंय, बाई.
चालताना मात्र लंगडते थोडी.
चार लिहा.